आतली काच

क्लोव्हिस दुप्लांतिस माझा मावसभाऊ. आमच्या आया सख्ख्या बहिणी, घरं बायूच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या, एकाच काठावर, आणि गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं उलिसकाकांच्या यार्डात शेजारीशेजारी उभं राहून कोळंबीच्या बोटी वेल्ड करत आलोय. त्यामुळे त्याचं काही बिनसलं की सगळ्यांत आधी मला कळतं. त्या वर्षी ईस्टर झाला आणि त्याची रेघ बिघडली.

दोन पत्रे जोडले की सांध्यावर खवल्याखवल्यांची एक रेघ उठते. क्लोव्हिसची रेघ बघायला पार खालच्या गावांतून लोक यायचे, तिच्यावरून बोट फिरवायचे आणि मान डोलवायचे. ताज्या माशाच्या पाठीसारखी, सगळी खवली एका मापाची. आता तीच रेघ मध्येच सांधा सोडून भलतीकडे निघायची आणि मग दचकल्यासारखी जागेवर परत यायची. नाच आटोपून त्याचा बाप घरी परतायचा ना, अगदी तशी.

क्लोव्हिसच्या मते दोष हेल्मेटचा होता. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण त्या हेल्मेटचे त्यानं जे हाल केले होते ते वैऱ्याच्या हेल्मेटचेही कुणी करू नयेत. काम संपलं की तो ते ट्रकच्या समोरच्या काचेखाली भिरकावून द्यायचा. आमच्याकडच्या उन्हात तिथे मेणबत्ती ठेवली तर ती दुपारपर्यंत गुडघे टेकते. हेल्मेटची काच तर आणखी नाजूक. ती ठिणगी पेटताक्षणी आपोआप काळी व्हायला हवी, पण याच्या काचेचा एक कोपरा झोपेतून उठल्यासारखा मागाहून काळा व्हायचा. वर धूळ बसली की हा शर्टाच्या बाहीनं खसाखसा पुसायचा, आणि बाहीवर लोखंडाचा कीस. एकदा तर त्यानं ती रंग पातळ करायच्या तेलानं धुतली. त्यानंतर तिच्यातून बघणं म्हणजे ताकातून बघणं होतं.

नवीन घे असं मी कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, हात चांगला असला की बादलीला काच लावूनही वेल्डिंग करता येतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बोटींना आशीर्वाद देतात. सगळ्या बोटी पताका लावून रांगेत निघतात, पुढच्या बोटीवर फादर उभे राहून पाणी शिंपडत जातात, आणि त्या वर्षी ती पुढची बोट आमच्या यार्डातून जायची होती. उलिसकाका मोठ्यानं बोलणाऱ्यांतले नाहीत. एका सकाळी ते आले, क्लोव्हिसच्या रेघेजवळ थोडा वेळ उभे राहिले आणि त्याच्या पायाशी रंगाचा डबा आणि ब्रश ठेवून निघून गेले. यार्डात वेल्डरच्या पायाशी रंगाचा डबा ठेवणं म्हणजे वेल्डिंग सोड आणि रंगकामाला लाग, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

क्लोव्हिस डब्याकडे बघत राहिला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चल, व्हर्ना. ओडीलकडे जाऊ.”

ओडील शेरामीचं वेल्डिंगच्या सामानाचं दुकान पुलापलीकडे आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते. गॅसची नळकांडी स्वतः तिरकी करून गोल गोल फिरवत नेते, आणि तेव्हा कुणी पुरुष मदतीला पुढे आला तर त्याला दार धरून ठेवायचं काम देते. ती क्लोव्हिसपेक्षा थोडी लहान. दोघं एकमेकांना ओळखायचे, पण ती ओळख चर्चच्या पायरीवर मान हलवण्यापुरती. क्लोव्हिस आमचा जन्माचा ब्रह्मचारी. जे लागेल ते मला आणायला सांगायचा आणि दुकानात पाऊल ठेवायचा नाही.

आत एक अख्खी भिंत हेल्मेटांची होती. क्लोव्हिस सरळ गेला आणि ज्याच्यावर सुसरीचा उघडा जबडा रंगवला होता ते काढून हातात घेतलं.

“ते आवडलं?” ओडीलनं विचारलं.

“दिसायला झकास आहे.”

“तुला कुठे दिसणार आहे? तू आत असणार.”

मी खोकून घेतलं. ओडीलनं सुसर त्याच्या हातातून काढून परत टांगली आणि त्याला कामाला लावलं. एक हलकं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं आणि सांगितलं, आता आपलं बोलणं संपेपर्यंत काढायचं नाही. दुकानात दोन मिनिटं हलकं वाटणारं हेल्मेट दुपारी तीनला मानेवर बसलेल्या मेहुण्यासारखं वाटायला लागतं. मग तिनं डोक्याभोवतीचा पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा थोडा घट्ट केला आणि त्याला मान झटकून ते खाली पाडायला लावलं. काचेभोवती बारके डोळे असतात, ठिणगी पेटली हे ओळखणारे. ते चार हवेत, ती म्हणाली, कारण बोटीच्या पोटात वाकडंतिकडं शिरून काम करताना एखादा डोळा पाइपाआड जातो, दुसरा तुमच्याच हाताआड जातो, उरलेल्यांनी तरी बघायला हवं. काही काचांतून जग शेवाळलेलं दिसतं, काहींतून रंग जसेच्या तसे दिसतात. तिनं त्याला दोन्हींतून माझ्याकडे बघायला लावलं. हिरवी व्हर्ना बरी दिसते, असं तो म्हणाला.

मग ती आम्हाला दुकानाच्या मागे घेऊन गेली. तिथे टेबल, मशीन आणि भंगार पत्र्याचे तुकडे मांडलेले असतात. क्लोव्हिसनं एकामागून एक तीन हेल्मेटं घालून रेघ ओढली. तिन्ही रेघा सारख्याच झिंगलेल्या. ओडील रेघांकडे बघतच नव्हती. ती त्याच्या मानेकडे बघत होती. ठिणगी पेटली की क्लोव्हिस मान मागे घ्यायचा, हनुवटी आत ओढायचा, नातवाचा फोटो लांब धरून बघणाऱ्या आजीसारखा.

“क्लोव्हिस,” ती म्हणाली, “हेल्मेट यातलं कुठलंही घे. तुला चाळिशी लागलीय.”

“मी छप्पन्न वर्षांचा आहे.”

“मग बरीच उशिरा लागली म्हणायची.”

मला एकदम सगळं उमगलं. कॅफेत हा मेन्यूकार्ड न उघडता ‘नेहमीचं’ म्हणतो ते का, आणि वर्तमानपत्र टेबलावर ठेवून स्वतः खुर्ची का मागे सरकवतो ते. पण क्लोव्हिसला आपल्या डोळ्यांचा फार अभिमान. त्यानं हेल्मेट वर केलं आणि रस्त्यापलीकडच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याचं वर्णन सुरू केलं. शेपूट दुभंगलेलं, चोचीत काडी, डाव्या पंखाचं एक पीस उलटं.

ओडीलनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “तार लांब आहे. सांधा जवळ असतो. तू बोटी तारेवर बसून वेल्ड करणार आहेस का?”

तिनं खणातून एक पातळ, किंचित फुगीर काच काढली. हे भिंग, म्हणाली, हेल्मेटच्या आत काळ्या काचेमागे खाचेत बसतं, कुणाला दिसतही नाही. क्लोव्हिसनं त्या काचेकडे अशा नजरेनं बघितलं, जसं काही तिनं त्याच्यापुढे कवळी धरलीय. भिंग माझ्या आजीला होतं, असं म्हणून तो ट्रकमध्ये जाऊन बसला. मी मागोमाग गेले तर खिडकीतून म्हणाला, पहिलं घातलं होतं ते हलकं हेल्मेट घेऊन ये. चित्र नको. आणि भिंग नको.

मी आत जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. ओडीलनं हलकं हेल्मेट घेतलं, उलटं केलं, काळी काच काढली, भिंग खाचेत सरकवलं आणि सगळं जागच्या जागी बसवलं. एवढं सगळं माझ्या डोळ्यांत डोळे घालून.

“तो चिडेल,” मी म्हणाले.

“कळलं तर चिडेल. तू सांगणार आहेस?”

मी त्या रंगाच्या डब्याचा विचार केला आणि नाही म्हणाले. मग तिनं मला बजावून सांगितलं, बाहेरच्या बाजूची साधी काच त्यानं स्वतः बदलावी, खराब झाली की लगेच. पण आतली बाजू त्यानं उघडायची नाही. आतली काच फार नाजूक असते, ती मी स्वतः पुशीन, त्यासाठी दर शनिवारी हेल्मेट इथे घेऊन यायचं. मला वाटलं, भिंग सापडू नये म्हणून ही युक्ती. चांगलीच वाटली मला ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोव्हिस बोटीच्या पोटाशी बसला, मान झटकून हेल्मेट खाली पाडलं आणि ठिणगी पेटवली. मी माझं काम सोडून त्याच्याकडेच बघत होते. थोडी रेघ झाली आणि तो थांबला. हेल्मेट वर करून त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली पाडलं. पुन्हा थोडी रेघ, पुन्हा थांबला.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “लोखंडाचा रस दिसतोय. कडेला रसाची लाट उठते ना, ती दिसतेय. ती वळताना दिसतेय.”

मग तो गायला लागला. क्लोव्हिसला गाता येत नाही. त्याच्या आजोबांचं एक जुनं फ्रेंच गाणं आहे, बदक आणि पाद्र्याची बायको असं काहीतरी, त्याच्या तीनच ओळी त्याला येतात. हेल्मेटच्या आत त्या तीन ओळी घुमत राहिल्या आणि बाहेर रेघ सुतासारखी सरळ धावत राहिली. सांधा संपला तेव्हा तो दुसऱ्या सांध्याकडे गेला, तो संपला तेव्हा माझा सांधा मागायला आला. मग ज्या कोपऱ्यात बोट बुडेपर्यंत कुणी डोकावणार नाही त्या कोपऱ्यात शिरून त्यानं तिथेही खवली पाडली, निव्वळ हौसेखातर. दुपारी उलिसकाका आले, रेघेवरून बोट फिरवलं आणि रंगाचा डबा उचलून घेऊन गेले. जाताना त्यांच्याही तोंडात तेच गाणं.

त्यानंतर क्लोव्हिसनं यार्डात जो उच्छाद मांडला त्याला तोड नाही. ही नवीन काच तयार करणाऱ्यांना मेडल द्यायला हवं, असं तो येईल त्याला सांगायचा. तिच्यामुळे डोळे तरुण होतात. तिचा आणखी एक गुण त्यानं शोधून काढला होता. हेल्मेट खाली असताना लांबचं सगळं धूसर दिसतं, म्हणजे कामावरून लक्ष उडत नाही. “बघ, किती विचार केलाय,” तो मला समजावून सांगायचा, “उलिसकाका समोर येऊन उभे राहिले तरी दिसत नाहीत. नुसता एक ढग.” असं काही ऐकलं की मी हातमोजा दातांत धरायचे.

आणि ज्यानं मागचं हेल्मेट रंगाच्या तेलानं धुतलं होतं तोच हा माणूस काचेच्या बाबतीत इतका कडक झाला की एखादी नर्सही होणार नाही. आधी धूळ फुंकायची, मगच ओलसर मऊ फडकं, तेही हलक्या हातानं. काच खाली करून हेल्मेट ठेवलेलं दिसलं तर तो दुसऱ्याचं हेल्मेटही जाऊन उलटं करायचा. जुनी उशी उसवून त्यानं एक जाड पिशवी शिवून घेतली, तिच्यात घालून हेल्मेट सीटखाली सावलीत ठेवायचा. बाहेरच्या काचेवर दोन ठिपके उडाले की बदलायचा. रोज सकाळी कामाआधी हेल्मेट हातात उंच धरून सूर्याला दाखवायचा आणि काच काळी होते ना हे बाजूनं बघायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी नैवेद्य दाखवतोय.

आणि शनिवार. पहिल्या शनिवारी तो कामाच्याच कपड्यांत गेला आणि लगेच परत आला. दुसऱ्या शनिवारी दाढी करून गेला. तिसऱ्या शनिवारी माझ्याकडे इस्त्री मागायला आला. मी विचारलं, काच पुसून आणायला इस्त्रीचा शर्ट कशाला. तर म्हणाला, दुकान स्वच्छ असतं, बरं दिसत नाही. मग तो रिकाम्या हातानं जाईना. कधी भात भरलेल्या सॉसेजची लड, कधी त्याच्या झाडाच्या अंजिरांचा मुरंबा, एकदा टोपलीभर जिवंत खेकडे. ते पुलावर टोपलीतून निसटले आणि बोटींसाठी पूल उघडायची वेळ झाली असताना हा गाड्यांच्या चाकांमधून रांगत ते गोळा करत होता. परतायलाही उशीर व्हायला लागला. एवढा वेळ काय पुसते, असं मी विचारलं, तर म्हणाला, नीट पुसायची म्हणजे वेळ लागतो, घाईचं कामच नाही.

यार्डात सगळ्यांना गंमत कळली होती. भिंगाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण उलिसकाकांनी आपण होऊन ओळखलं होतं, आणि उलिसकाकांना कळलेलं त्यांच्या बायकोला कळतं, म्हणजे मग सगळ्या बायूला. सोमवारी सकाळी जो तो येऊन विचारायचा, “काय रे, आतल्या काचेची तब्येत कशी आहे?” क्लोव्हिस गंभीरपणे सांगायचा, उत्तम आहे, ओडील म्हणाली अशी ठेवलेली काच तिनं आजवर पाहिली नाही. ऐकणारा बोटीमागे जाऊन हसून यायचा. खरं सांगते, त्या दिवसांत सगळं यार्डच थोडं चढल्यासारखं झालं होतं. कामं पटापट उरकत होती, आणि बदक आणि पाद्र्याच्या बायकोचं ते गाणं प्रत्येकाच्या तोंडी होतं.

त्यातच आशीर्वादाच्या आधीच्या गुरुवारी फादर तुआन यार्डात आले. बोटीवर कुठे उभं राहायचं ते त्यांना बघायचं होतं. फादर तरुण, आईवडील व्हिएतनाममधून येऊन इथेच कोळंबी धरणारे, त्यामुळे बोटीवर पोरासारखे चढतात. क्लोव्हिसनं त्यांना गाठलं आणि काचेचं सगळं पुराण ऐकवलं. फादरनी मनापासून ऐकलं आणि मला एकदा बघता येईल का, असं विचारलं. दुसऱ्या कुणाला त्या हेल्मेटला बोटही लावू दिलं नसतं, पण फादर म्हणजे फादर. क्लोव्हिसनं आपल्या हातानं ते त्यांच्या डोक्यावर चढवलं, पट्टा नीट केला, स्वतः माझं घातलं आणि ठिणगी पेटवली. फादर वाकले.

“क्लोव्हिसकाका,” आतून आवाज आला, “तुमचा अंगठा वांग्याएवढा दिसतोय.”

“काच आहेच तशी,” क्लोव्हिस अभिमानानं म्हणाला.

ठिणगी विझली. फादर हेल्मेट तसंच ठेवून उभे राहिले आणि आता बोटीचं नाक कसं दिसतं ते बघायला वळले. त्यांचे डोळे चांगले, आणि त्या भिंगातून हातापलीकडचं सगळं धुकं. ते म्हणाले, तुम्ही सगळे विरघळलात. मग त्यांनी एक पाऊल टाकलं, तिथे उतरायची फळी आहे असं समजून. फळी थोडी अलीकडे होती. फादर तुआन काठाच्या चिखलात कमरेपर्यंत गेले, पण हेल्मेट त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर वर उचलून धरलं होतं, त्याला शिंतोडा लागला नाही.

आम्ही धावलो. फादर चिखलात उभे, हेल्मेट उलटं धरून आत निरखत होते.

“काका, ह्यात भिंग आहे,” ते म्हणाले, “माझी आई जाळं दुरुस्त करताना असंच लावते.”

क्लोव्हिसनं हेल्मेट घेतलं. ओडीलनं उघडू नको म्हणून सांगितलेली आतली बाजू त्यानं उघडली आणि ती फुगीर काच दोन बोटांत धरून बाहेर काढली. ती आपल्या तळहातावर धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणखी कुणाला?”

उलिसकाका फादरना वर ओढण्यात गर्क झाले. बाकीच्यांनी आभाळाकडे, बुटांकडे, जिथे जमेल तिथे बघितलं. क्लोव्हिसनं ते भिंग शर्टाच्या खिशात टाकलं आणि ट्रककडे निघाला. तो ओडीलला काही भलतंसलतं बोलेल या भीतीनं मी धावत जाऊन दुसऱ्या दारानं आत चढले. पुलावर थांबावं लागलं तेव्हा त्याचे ओठ हलत होते. मनातल्या मनात भाषणाची तयारी चालली होती.

दुकानात ओडील वायरची रिळं मांडत होती. क्लोव्हिसनं भिंग तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

“मला फसवलंस,” तो म्हणाला. “मी सगळ्या यार्डभर ह्या काचेचे गोडवे गात फिरलो. फादरना ऐकवलं. लोक तोंड फिरवून हसत होते, आणि मी त्यांना सांगतोय की ढग दिसतो तो मुद्दाम केलेला आहे.”

ओडीलनं रीळ खाली ठेवलं. “रेघ सरळ आली की नाही?”

“तो मुद्दा नाही.”

“मग मुद्दा काय?”

“मुद्दा हा, की आतली काच नाजूक आहे, उघडू नकोस, दर शनिवारी माझ्याकडे आण, असं सांगितलंस. मी बावळटासारखा दर शनिवारी येत राहिलो. आणि ते सगळं मला हे भिंग सापडू नये म्हणून.”

ओडीलनं खाली ठेवलेलं रीळ उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

“उघडू नकोस म्हटलं ते भिंगासाठी,” ती म्हणाली. “ते कबूल. दर शनिवारी ये म्हटलं ते भिंगासाठी नव्हतं.”

“मग कशासाठी?”

“आतली काच महिन्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसली तरी पुरते. घरी. कुणालाही जमतं.”

मला हातमोज्यांच्या रॅककडे बघायचं एकदम काम निघालं. डाव्या हाताचे मोजे, उजव्या हाताचे मोजे, सगळे नीट बघितले.

“दर शनिवारी,” क्लोव्हिस हळूच म्हणाला.

“हो.”

“म्हणजे तू तो इतका वेळ जे पुसत बसायचीस...”

“पुसलेलंच पुसत होते.”

“आणि माझे खेकडे?”

“खेकडे छान होते, क्लोव्हिस.”

तो मागे सरकला आणि रिळांच्या खोक्यावर मटकन बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले. मग त्याचं ते मोठं हसू फुटलं, पोटातून निघणारं, आणि ते ओडीलला लागलं, आणि मग मी मोजे सोडून दिले. एक गिऱ्हाईक दार उघडून आत आलं, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेलं. क्लोव्हिस डोळे पुसत उठला, भिंग उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

“बसव परत.”

“सोपं आहे, तुझं तू बसवशील. नुसतं खाचेत सरकवायचं.”

“माहीत आहे मला,” क्लोव्हिस म्हणाला. “तू बसव.”

तिनं बसवलं. फार वेळ लावला. मग तो म्हणाला, आज तर गुरुवार आहे. ती म्हणाली, तिला कॅलेंडर वाचता येतं, आणि घरी चुलीवर गंबोचा रस्सा आहे, एकटीला संपणार नाही एवढा. मला कुणी काही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मला सोडायला येताना क्लोव्हिसनं यार्डाचं वळण चुकवलं. परत फिरला तर उलट्या बाजूनं पुन्हा चुकवलं. खिडक्या खाली, काठावर दिसेल त्या प्रत्येक बोटीला हॉर्न देत होता, ओळखीच्या, अनोळखी, एका रिकाम्या होडीलासुद्धा. मी म्हटलं, समोर बघ. तर म्हणाला, समोरचं मला सगळं दिसतं, फक्त जवळचं दिसत नव्हतं. आणि पुन्हा हसत सुटला.

रविवारी बोटी निघाल्या. आमची बोट सगळ्यांच्या पुढे, ताज्या पांढऱ्या रंगात, दोरीदोरीला पताका. फादर तुआन नाकावर उभे राहून दोन्ही काठांवर पाणी शिंपडत होते, उलिसकाका सुकाणूवर, मी मागे कोळंबी उकळत होते, आणि क्लोव्हिस आणि ओडील कठड्याशी उभे होते, फार जवळ नाही, पण त्यांच्यामध्ये जागा अशी नव्हती. ओडीलनं रुंद काठाची निळी टोपी घातली होती. वळणावर वारा आला आणि टोपी उडाली. वर गेली, गिरकी घेतली आणि लांब जलपर्णीत जाऊन बसली.

राहू दे, असं ओडील म्हणेपर्यंत क्लोव्हिसनं बूट काढले होते. ती पूर्ण वाक्य म्हणेपर्यंत तो पाण्यात होता, रविवारच्या शर्टासकट, टायसकट. मागच्या सगळ्या बोटी थांबल्या. फादर पाणी शिंपडायचे थांबले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी त्याच्यावरही थोडं शिंपडलं. क्लोव्हिस जलपर्णीत बुडाला, दिसेनासा झाला आणि दुसऱ्या बाजूनं वर आला तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावर होती आणि टोपीवर एक जांभळं फूल. बायूतल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवले. ओडील कठडा धरून इतकी हसत होती की तिला खाली डेकवर बसावं लागलं, आणि तिथे बसूनच तिनं त्याला वर घ्यायला हात पुढे केला.

हंगाम संपून बोटी काठाला लागल्यावर, थंडीत, फादर तुआननी त्यांचं लग्न लावलं.